आईने उघडलेला दवाखाना

मुलांनो, परभणीला हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. तुम्ही घरच्या माणसांबरोबर तिथे गेला असाल. पाळणे, मिठाईची दुकाने, खेळणी आणि माणसांची एवढी गर्दी! त्या गर्दीत तुम्हांला हाताने चालवायची तीनचाकी सायकल कधी दिसली आहे का? सायकलीवर बसलेला माणूस हातांनी दांडा फिरवतो आणि चाके पुढे जातात. सपाट रस्त्यावर तो कोणाच्या मदतीवाचून जातो. पण समोर पायरी आली की तो थांबतो. एकच पायरी. तुमचे तिच्याकडे लक्षही जात नाही, तुम्ही टुणकन उडी मारून पुढे जाता. तो मात्र कोणी हात लावील का, याची वाट पाहत बसतो.

अशा माणसाला उर्दूत माजूर म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. हा शब्द उज्र या शब्दापासून आला आहे. उज्र म्हणजे सबब. ज्याची सबब आपण मान्य केली, ज्याच्याकडून काही अपेक्षा ठेवायची नाही असे ठरवले, तो माजूर. मराठीत पूर्वी अपंग म्हणत, आता सरकारी कागदांवर दिव्यांग असे लिहितात. माजूर या शब्दात दया आहे, हे खरे. पण त्यात एक धोकाही आहे. माणसाला एकदा सबब दिली की त्याला घरात बसवून ठेवणे सोपे जाते. आज मी तुम्हांला अशा एका बाईंची हकीकत सांगणार आहे, ज्यांनी आपल्या मुलीसाठी ही सबब घेतली नाही, आणि मग दुसऱ्यांच्या मुलांसाठीही घेऊ दिली नाही. त्यांचे नाव फातेमा इस्माईल.

फातेमा यांचा जन्म १९०३ साली मुंबईच्या सोबानी घराण्यात झाला. घरात कापसाचा मोठा व्यापार होता. त्यांचे भाऊ उमर सोबानी हे गिरणीमालक होते आणि महात्मा गांधींचे निकटचे सहकारी होते. ३१ जुलै १९२१ रोजी परळला एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात गांधीजींनी परदेशी कापडाची मोठी होळी केली. ती जागा उमर सोबानींची होती. स्वतः कापडाच्या धंद्यात असलेल्या माणसाने ही होळी आपल्या अंगणात होऊ द्यावी, ही काही लहान गोष्ट नव्हे. अशा घरात फातेमा वाढल्या. देशाच्या कामासाठी पदरचे घालवावे लागते, हे त्यांनी लहानपणापासून पाहिले. पुढे त्यांचे लग्न झाले, संसार झाला. स्त्रियांच्या संघटनांत आणि स्वातंत्र्याच्या चळवळीत त्या भाग घेत राहिल्या.

मग घरात एक संकट आले. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला.

पोलिओ म्हणजे काय, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेलेही नसेल. तुम्ही पाहिले आहेत ते पोलिओचे दोन थेंब आणि डाव्या हाताच्या करंगळीवरची शाईची खूण. हा एका विषाणूचा रोग आहे. घाण पाण्यातून, अन्नातून तो तोंडावाटे पोटात जातो. पुष्कळ मुलांना तर काही झाले हेही कळत नाही. पण काही थोड्या मुलांच्या बाबतीत तो पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत पोचतो आणि स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारून टाकतो. आदल्या रात्री मूल तापाने फणफणते आणि एक-दोन दिवसांत त्याचा पाय लुळा पडतो. चिमटा काढला तर त्याला कळते, बुद्धीही पहिल्यासारखीच तल्लख असते. फक्त पाय उचल म्हटले तर उचलत नाही.

याहून वाईट गोष्ट पुढे घडते. पायाला काही स्नायू एका बाजूला ओढतात, तर काही दुसऱ्या बाजूला. एका बाजूचे स्नायू मेले की दुसऱ्या बाजूचे तेवढे ओढत राहतात. हळूहळू पाय वाकडा होतो, सांधा आखडतो. म्हणजे ताप गेला, रोग गेला, तरी नुकसान वाढतच जाते. ते थांबवायचे तर रोज सांधे हलवावे लागतात, उरलेल्या स्नायूंना व्यायाम द्यावा लागतो, पाय सरळ राहावा म्हणून आधार बांधावा लागतो. यालाच फिजिओथेरपी म्हणतात. हे काम आठ दिवसांचे नसते, ते वर्षानुवर्षे चालते.

त्या काळी ही विद्या जाणणारी माणसे आपल्या देशात फार थोडी होती. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या जवानांसाठी १९४४ साली पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले होते. पण पोलिओ झालेल्या चार वर्षांच्या पोरीला घेऊन आईने कुठे जावे? फातेमा डॉक्टरांचे उंबरठे झिजवत राहिल्या. अखेर त्यांना मद्रासच्या डॉ. एम. जी. किणी यांचे नाव कळले. हाडांच्या शस्त्रक्रियेतले ते नामांकित डॉक्टर होते. मद्रास म्हणजे आजचे चेन्नई. मुलीला घेऊन फातेमा तिकडे गेल्या आणि तिच्या उपचारासाठी महिनोन् महिने तिथे राहिल्या. मुलीच्या पायांत हळूहळू फरक पडू लागला.

इथे ही हकीकत संपली असती, तर कोणी काही म्हटले नसते. आईने मुलीसाठी कष्ट घेतले, मुलगी सुधारली, घरी आनंद झाला. पण फातेमा यांच्या मनात एक प्रश्न घर करून राहिला. आपल्याजवळ पैसा होता, ओळखी होत्या, इंग्रजी येत होते, म्हणून आपण मद्रास गाठले. ज्या आईजवळ यातले काहीच नाही, तिने काय करायचे?

तुमच्याच जिल्ह्याचा विचार करा. १९४७ साली परभणी हैदराबाद संस्थानात होती. इथून मुंबईला जायचे तर आधी लहान रुळांच्या गाडीने मनमाडपर्यंत जायचे, तिथे उतरायचे आणि मोठ्या रुळांच्या गाडीत बसायचे. जिंतूरच्या किंवा गंगाखेडच्या एखाद्या शेतमजूर बाईने चालू न शकणारे मूल कडेवर घेऊन, गाठोडे सांभाळत, फलाटावरून धावत गाडी बदलायची. आणि हे एकदाच करून भागणार नव्हते. असे मूल बहुधा घराच्या ओसरीवर बसूनच मोठे होई.

मे १९४७ मध्ये फातेमा इस्माईल यांनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. त्यांच्याजवळ ना इमारत होती, ना यंत्रे. मुंबईचे प्रख्यात सर्जन डॉ. ए. व्ही. बाळिगा यांनी आपल्या दवाखान्याची जागा त्यांना वापरायला दिली. फातेमा स्वतः डॉक्टर नव्हत्या, हे लक्षात ठेवा. पण मुलीच्या बिछान्याशी बसून, उपचार पाहून, प्रश्न विचारून त्यांनी खूप काही शिकून घेतले होते. आणि एक गोष्ट तर त्यांना डॉक्टरांपेक्षाही चांगली ठाऊक होती. दवाखान्यात मूल तासभर असते. बाकीचे तेवीस तास ते आईजवळ असते. आईला व्यायाम शिकवला नाही, तर डॉक्टरांची मेहनत पाण्यात जाते.

तीन महिन्यांनी देश स्वतंत्र झाला. फाळणी झाली, दंगली झाल्या, लाखो माणसे घरदार सोडून इकडून तिकडे गेली. त्या गोंधळात लुळ्या पायांच्या मुलांची आठवण कोणाला राहणार? तरी केंद्र चालू राहिले, एवढेच नव्हे तर वाढले. त्यातून अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी सोसायटी फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ क्रिपल्ड चिल्ड्रन ही संस्था उभी राहिली. या नावातला क्रिपल्ड हा शब्द आज कोणी वापरणार नाही. तो कानाला टोचतो. पण तेव्हा तोच चालत असे.

जागा पुरेना, म्हणून लष्कराच्या रिकाम्या बराकी मिळवून तिथे काम चालवले गेले. १९४९ साली मुंबईत पोलिओची साथ आली आणि या कामाची गरज सगळ्यांनाच पटली. त्याच वर्षी पोलिओवर संशोधन करणारा विभागही मुंबईत सुरू झाला. पुढे संस्थेने हाजीअली भागात मुलांचे अस्थिरोग रुग्णालय उभारले. हाजीअलीचा दर्गा तुम्ही चित्रात तरी पाहिला असेल. भरती आली की दर्ग्याकडे जाणारी वाट समुद्राखाली जाते आणि ओहोटी लागली की पुन्हा वर येते. त्या वाटेसमोरच्या किनाऱ्याजवळ हे रुग्णालय झाले.

तिथे काय चालत असे, ते समजून घेण्यासारखे आहे. मुलांच्या पायांना कॅलिपर बांधत. कॅलिपर म्हणजे दोन बाजूंना लोखंडी पट्ट्या, त्यांना चामड्याचे पट्टे आणि खाली बूट. गुडघा ताठ राहतो, मग कुबड्या घेऊन मूल उभे राहते. ज्या मुलाने वर्षभर जग फक्त जमिनीवरून पाहिले, त्याला उभे राहिल्यावर खिडकीबाहेरचे दिसते. यात मोठी अडचण अशी की मूल वाढते आणि कॅलिपर काही वाढत नाही. दरवर्षी पट्ट्या लांब कराव्या लागतात, बूट बदलावा लागतो. म्हणून अशा रुग्णालयाला डॉक्टर आणि नर्स पुरत नाहीत. लोहारकाम आणि चांभारकाम जाणणारे कारागीरही लागतात. सर्जनाने पाय सरळ केला, पण बूट नीट बसला नाही, तर मूल चालणार कसे? या कारागिरांची नावे कोणत्याही पुस्तकात सापडत नाहीत, याचे मला वाईट वाटते.

१९५५ साली संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने केंद्र सरकारने हाजीअली येथेच अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था सुरू केली. नाव लांबलचक आहे, पण काम सरळ आहे. ज्यांचे हातपाय चालत नाहीत, त्यांना पुन्हा कामाला लावणे, त्यांच्यासाठी कृत्रिम अवयव आणि साधने बनवणे, हे काम करणारे तज्ज्ञ तयार करणे आणि त्यावर संशोधन करणे. ही संस्था आजही तिथे आहे. एका आईने मागून आणलेल्या जागेत ज्या विद्येचा दवाखाना उघडला होता, तिच्यासाठी आठ वर्षांत देशाची संस्था झाली. १९५८ साली भारत सरकारने फातेमा इस्माईल यांना पद्मश्री दिली.

पण उपचार झालेली मुले मोठी झाली, तेव्हा नवाच प्रश्न उभा राहिला. कुबड्या घेऊन चालणाऱ्या तरुणाला नोकरी कोण देणार? कारखाना तिसऱ्या मजल्यावर असतो. बसची पायरी गुडघ्याएवढी उंच असते. लोकल गाडी स्टेशनवर काही सेकंदच थांबते. म्हणजे मुलाला चालते केले, पण त्याने चालत जायचे कुठे? फातेमा यांनी फेलोशिप ऑफ द फिजिकली हँडिकॅप्ड ही दुसरी संस्था काढली. तिच्या कार्यशाळेत अपंग स्त्री-पुरुष हाताचे काम शिकत आणि कामाचा मोबदला घेत. तिथे ते दान घ्यायला येत नसत, कामावर येत. मला तर ही कार्यशाळा रुग्णालयाइतकीच मोलाची वाटते. रुग्णालयाने मुलाला सुधारले. कार्यशाळेने, लहान प्रमाणात का होईना, माणसाला सोयीची होईल अशी जागा तयार केली.

१९७८ साली राष्ट्रपतींनी फातेमा इस्माईल यांची राज्यसभेवर नेमणूक केली. तेव्हा त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत्या. १९८४ पर्यंत त्या संसदेत होत्या. १९८७ साली त्यांचे निधन झाले.

पुढे घडलेल्या पुष्कळ गोष्टी त्यांना पाहायला मिळाल्या नाहीत. १९९५ साली देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. आरोग्यसेविका दारोदार फिरू लागल्या, वाड्या-तांड्यांवर आणि वीटभट्ट्यांवर जाऊ लागल्या. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये एका लहान मुलीला जंगली विषाणूमुळे पोलिओ झाल्याची नोंद झाली. भारतातली ती शेवटची नोंद. मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपला भाग पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर केले. ज्या रोगाने फातेमा यांच्या घरात पाऊल टाकले होते, तो गेला. पण त्या रोगाने अधू झालेली माणसे आजही आपल्यात आहेत. उरुसात दिसलेले तीनचाकी सायकलवरचे आजोबा त्यांपैकीच एक असतील. शिवाय अपघाताने, म्हातारपणाने, दुसऱ्या रोगांनी पाय गमावणारी माणसे आहेतच.

१९९५ मध्येच अपंग व्यक्तींसाठी पहिला मोठा कायदा झाला. २०१६ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. शाळा, दवाखाना, कचेरी, रेल्वे स्टेशन या सर्व ठिकाणी अपंग माणसाला जाता यावे, ही आता मेहरबानी राहिलेली नाही, तो त्याचा हक्क आहे. पायऱ्यांच्या जागी उतार कसा असावा, याचेही माप ठरले आहे. एक हात उंची चढायची, तर उतार निदान बारा हात लांब हवा. त्याहून तो उभा केला, तर चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला स्वतःच्या हातांनी वर जाता येत नाही, आणि उतरताना खुर्ची हातातून सुटते. पुष्कळ ठिकाणी घाईने बांधलेले उतार इतके उभे असतात की त्यांवरून फक्त मोटारसायकली चढतात.

आता हे गणित करून पाहा. वर्गाच्या दाराशी १५ सेंटीमीटर उंचीची एक पायरी आहे. तिच्या जागी उतार करायचा, तर तो किती लांब हवा? पंधरा गुणिले बारा, म्हणजे १८० सेंटीमीटर. दोन मीटरांच्याही आतच. उद्या पट्टी घेऊन शाळेत जा आणि आपल्या वर्गाच्या दाराची पायरी मोजा.