ऐकणारं हृदय मागितलेला राजा

आजचं वाचन : १ राजे ११:१-१३



तुमच्यापैकी बरेच जण नीतिसूत्रे महिन्याच्या तारखेप्रमाणे वाचता. ३१ अध्याय, ३१ दिवस. मीही तशीच वाचते, सकाळच्या लोकलमध्ये उभ्याउभ्या, एका हातात मोबाइल धरून. आणि खरं सांगू का? मूर्खाबद्दलचं वचन आलं की माझ्या डोळ्यांसमोर हमखास दुसऱ्या कोणाचा तरी चेहरा येतो. ऑफिसमधला तो, नात्यातली ती. स्वतःचा चेहरा अजून एकदाही आलेला नाही.

मागच्या रविवारी आमच्या तरुणांच्या गटात मी याच विषयावर बोलले. वाग्दंड, म्हणजे कोणी आपली कानउघाडणी केली तर ती कशी घ्यावी. छान झालं, सगळे म्हणाले. नंतर चहा घेताना मंडळीतल्या एका मावशींनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, बाळा, तू लोकांचं बोलणं पूर्ण होऊ देत नाहीस, मध्येच उत्तर देतेस. ती नवीन मुलगी त्यामुळेच यायची बंद झाली बहुतेक. त्यांचं वाक्य संपायच्या आत मी त्यांना समजावायला लागले होते की तसं काही नाहीये.

घरी येऊन चिडचिड झाली. मग शलमोन वाचायला घेतला, कारण ती सगळी सूत्रं बहुतांश त्याच्याच नावावर आहेत. आज त्याच्याबद्दलच लिहिते.

शलमोन हा दावीद आणि बथशेबाचा मुलगा. त्यांचं पहिलं बाळ दगावल्यानंतर झालेला. परमेश्वराने नाथान संदेष्ट्याकडून त्याला आणखी एक नाव पाठवलं, यदीद्या, म्हणजे परमेश्वराला प्रिय. हे नाव आणणारा नाथान तोच, ज्याने दावीदाला तोंडावर त्याचं पाप दाखवलं होतं. दावीद राजा होता, त्याला गप्प करू शकला असता. त्याने ऐकलं, आणि तो रडला. शलमोन जन्मला तो अशा घरात.

गादीवर आल्यावर तो गिबोनला गेला. तिथे १००० होमबली अर्पण केले, आणि त्या रात्री स्वप्नात देवाने त्याला हवं ते मागायला सांगितलं. आपल्याला हे स्वप्न शाळेच्या संडे स्कूलपासून पाठ आहे, त्याने ज्ञान मागितलं वगैरे. पण मूळ हिब्रू शब्द पाहिले तर त्याने मागितलं ते ऐकणारं हृदय. बोलणारं नाही, हुशार नाही, ऐकणारं. मी हे वाचून थांबलेच. स्वतःला लहान मूल म्हणवणाऱ्या तरुण राजाला नेमकं कळलं होतं की शहाणपणाची सुरुवात कानापासून होते.

आणि देवाने दिलं. एकाच बाळावर हक्क सांगणाऱ्या त्या दोन स्त्रियांचा न्याय सगळ्यांना माहीतच आहे. त्याने ३००० सूत्रं सांगितली, १००५ गीतं रचली. लबानोनच्या गंधसरूपासून भिंतीतल्या एजोबापर्यंत झाडांवर तो बोले, पशुपक्ष्यांवर, माशांवरही. लांबलांबून माणसं ऐकायला येत. (इथेच काहीतरी उलटं होत गेलं असेल का? ज्याने ऐकणारं हृदय मागितलं, त्याचं सगळं जग ऐकू लागलं. हा माझा विचार आहे, वचनात तसं लिहिलेलं नाही.)

मूर्खाची ओळख त्याच्याइतकी बारकाईने कोणी लिहून ठेवली आहे? नीतिसूत्रांत मूर्ख एकाच प्रकारचा नाही, हिब्रूत त्याला वेगवेगळे शब्द आहेत. एक असतो पेती, म्हणजे भोळा, जो कोणीही काही सांगितलं की खरं मानतो. त्याला आशा आहे, तो शिकू शकतो. एक केसील, ज्याला सगळं कळतं पण स्वतःचीच वाट प्यारी. आणि एक लेत्स, निंदक, जो सुधारू पाहणाऱ्याचाच द्वेष करतो. कमी बुद्धी हा यातल्या कोणाचाच मुख्य दोष नाही. फरक एकाच ठिकाणी पडतो, कोणी चूक दाखवली तर तो माणूस काय करतो.

आता मंदिर. कारकिर्दीच्या चौथ्या वर्षी त्याने ते बांधायला घेतलं, सात वर्षांत पूर्ण झालं. मग स्वतःचा वाडा, त्याला तेरा वर्षं. या कामांसाठी ३०,००० वेठबिगार लावले, त्यातले दर महिन्याला १०,००० लबानोनात. ७०,००० ओझी वाहणारे, ८०,००० डोंगरात दगड फोडणारे. सोरचा राजा हीराम याने गंधसरू आणि सोनं पुरवलं, त्याला बदल्यात गालीलातली २० गावं दिली. हीरामाला ती आवडलीच नाहीत.

आणि मग १ राजे १० आणि ११ हे अध्याय अनुवाद १७ शेजारी ठेवून वाचा. प्लीज, खरंच वाचा, आज रात्री. अनुवादात देवाने राजासाठी तीन गोष्टी आधीच सांगून ठेवल्या होत्या : घोडे फार वाढवू नकोस, त्यासाठी मिसराकडे जाऊ नकोस, बायका फार करू नकोस, सोनं-रुपं फार साठवू नकोस. शिवाय नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घे आणि रोज वाच, म्हणजे भावांपेक्षा मोठा झाल्यासारखं तुला वाटणार नाही. राजाला रोजचं वाचन होतं, आपल्यासारखंच.

शलमोनाकडे एका वर्षात ६६६ किक्कार सोनं आलं. १४०० रथ, १२,००० स्वार. घोडे मिसरातून. ७०० राण्या, ३०० उपपत्नी. तिन्ही गोष्टी, एकामागून एक. आणि यातली एकही त्या काळी मूर्खपणासारखी दिसत नसणार, हे मला जास्त घाबरवतं. घोडे म्हणजे संरक्षण. लग्नं म्हणजे शेजारच्या राजांशी तह. सोनं म्हणजे तर आशीर्वादच! आज असता तर आपण त्याची टेस्टिमनी शेअर केली असती.

म्हातारपणी त्याच्या बायकांनी त्याचं मन इतर दैवतांकडे वळवलं. पण सगळा दोष त्यांच्यावर टाकायचा आपला जो जुना मोह आहे ना, तो सोडून द्या. देवाचा राग वचनात शलमोनावर आहे, कारण परमेश्वराने त्याला दोनदा दर्शन दिलं होतं. मवाबाच्या कमोशासाठी आणि अम्मोन्यांच्या मोलखासाठी त्याने यरुशलेमेसमोरच्या डोंगरावर उच्च स्थान बांधलं. स्वतः बांधलेल्या मंदिरासमोर! ती स्थानं सुमारे ३०० वर्षं तिथे राहिली, शेवटी योशीया राजाने ती भ्रष्ट केली.

मग परमेश्वर स्वतः बोलला : राज्य तुझ्याकडून काढून तुझ्या सेवकाला देईन. इथे मी पुढची ओळ शोधत होते. दावीदाच्या गोष्टीत असते तशी. शलमोन रडला, शलमोनाने कबूल केलं, काहीतरी. नाही. पुढे एवढंच कळतं, की अहीया संदेष्ट्याने नवं वस्त्र बारा ठिकाणी फाडून त्यातले दहा तुकडे ज्याच्या हातात दिले त्या यराबामाला शलमोनाने ठार मारायचा प्रयत्न केला, आणि तो मिसरात शिशक राजाकडे पळाला. उपदेशकाचं पुस्तक म्हणजे त्याचा उशिराचा पश्चात्ताप असं पुष्कळ लोक मानतात. असेलही, मला तर तसं असावं असंच वाटतं. पण १ राजेमध्ये ४० वर्षांच्या कारकिर्दीचा शेवट त्या ओळीशिवायच होतो. आणि त्या सगळ्या वर्षांत नाथानासारखं कोणी त्याच्यासमोर उभं राहून बोललेलं मला सापडलं नाही. कोणी धजावलं नसेल, की बोललेलं पोहोचलंच नसेल?

रहबामाचंही सांगायला हवं. नीतिसूत्रांत पुन्हा पुन्हा माझ्या मुला अशी हाक येते ना, तर हा तो मुलगा. आई नामा, अम्मोनी. गादीवर आला तेव्हा ४१ वर्षांचा, म्हणजे बापाची सगळी कारकीर्द त्याच्या डोळ्यांसमोर गेली. शखेमात लोक आले, त्यांनी फक्त वेठीचं ओझं हलकं करायला सांगितलं. बापासमोर उभे राहिलेले वडीलधारे म्हणाले, त्यांच्याशी गोड बोल. बरोबर वाढलेले तरुण म्हणाले, आणखी दडप. त्याने तीन दिवस घेतले आणि मित्रांचं ऐकलं. दहा वंश निघून गेले. वेठबिगारीवरचा अधिकारी अदोराम याला लोकांनी दगडमार करून मारलं, राजा रथात बसून यरुशलेमेला पळाला. पाचव्या वर्षी तोच शिशक चालून आला आणि शलमोनाने केलेल्या सोन्याच्या ढालीही घेऊन गेला. रहबामाने त्यांच्या जागी पितळेच्या केल्या. राजा मंदिरात जायचा तेव्हा पहारेकरी त्या घेऊन चालायचे, मग परत पहाऱ्याच्या खोलीत ठेवायचे. मला ते चित्र डोळ्यांपुढून जात नाही.

काल मावशींना फोन केला. या वेळी त्या बोलत होत्या तेव्हा मी मोबाइल म्यूटवर ठेवला होता, हसू नका, नाहीतर मला जमलंच नसतं. त्यांनी त्या मुलीचा नंबर दिला. मेसेज टाइप करून ठेवलाय, तो अजून पाठवलेला नाही. मेसेजमध्ये 'पण' हा शब्द दोनदा आलाय, तो आधी काढते.

प्रार्थना : प्रभू येशू, तू शलमोनाहून थोर आहेस. मावशींना आशीर्वाद दे. त्या मुलीने फोन उचलला तर मला आधी गप्प बसायला शिकव. आमेन.

उद्याचं वाचन : १ राजे १२:१-१९