मधु लिमये : संसदेच्या मर्यादेचे रक्षक

राजगढ जिल्ह्यातील नरसिंहगढ पूर्वी मध्यभारत राज्यात मोडत असे. त्या राज्याच्या ग्वाल्हेर व इंदूर अशा दोन राजधान्या होत्या. आणीबाणीच्या काळात तेथील कारागृहात एक मराठी संसदपटू स्थानबद्ध होते. ते म्हणजे मधु लिमये.

लिमये यांचा जन्म १ मे १९२२ रोजी पुण्यास झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असतानाच ते स्वातंत्र्यलढ्याकडे व समाजवादी विचाराकडे वळले. गोवा मुक्तीच्या लढ्यात १९५५ साली त्यांनी सत्याग्रह केला. पोर्तुगीज लष्करी न्यायालयाने त्यांना १२ वर्षांची शिक्षा ठोठावली. १९५७ साली त्यांची सुटका झाली. १९६४ मध्ये बिहारमधील मुंगेर येथून ते लोकसभेवर निवडून गेले. सभागृहाच्या नियमांचा त्यांचा व्यासंग दांडगा होता. प्रश्न आणि हक्कभंगाच्या सूचना या साधनांनी त्यांनी मंत्रिमंडळास वारंवार जाब विचारला.

२५ जून १९७५ रोजी अंतर्गत आणीबाणी जाहीर झाली. लवकरच लिमये 'मिसा'खाली स्थानबद्ध झाले. जुलैच्या अधिवेशनात संसदेने घोषणेस मान्यता दिली. परंतु प्रश्नोत्तरांचा तास स्थगित होता व विरोधी पक्षांचे अनेक सभासद तुरुंगात होते. जाब विचारणारे सभागृहच मुके झाले. मार्च १९७६ मध्ये लोकसभेची पाच वर्षांची मुदत संपत असता ती एका वर्षाने वाढविण्यात आली. राज्यघटनेत तशी तरतूद होती. तथापि मतदारांनी दिलेल्या मुदतीपलीकडे सभासदत्व भोगणे लिमये यांना अनुचित वाटले. त्यांनी कारागृहातूनच राजीनामा दिला. तरुण खासदार शरद यादव यांनीही तेच केले. बहुसंख्य विरोधी सभासदांनी मात्र हा मार्ग स्वीकारला नाही.

फेब्रुवारी १९७७ मध्ये त्यांची सुटका झाली. बांका मतदारसंघाने त्यांना पुन्हा निवडून दिले. मंत्रिपद मात्र त्यांनी स्वीकारले नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीच्या घोषणेस एका महिन्यात, विशेष बहुमताने संसदेची संमती घेणे आणि दर सहा महिन्यांनी ती नव्याने मिळविणे बंधनकारक झाले. लोकसभेच्या एकदशांश सभासदांना खास बैठक मागण्याचा अधिकारही मिळाला.

अखेरची वर्षे त्यांनी वाचन-लेखनात घालविली. माजी खासदाराचे निवृत्तिवेतनही त्यांनी घेतले नाही. ८ जानेवारी १९९५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. सभासदत्व ही मतदारांची मुदतबंद ठेव आहे, हे त्यांनी स्वतःची जागा सोडून दाखवून दिले.