हातांची विद्या : लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांचे जीवन



मृग नक्षत्र जवळ आले की रामाकोना, सौंसर, पांढुर्णा ह्या आपल्या भागातला शेतकरी वखर, डवरे आणि तिफण बाहेर काढून पाहतो. कुठे वखराची पास झिजलेली असते, कुठे तिफणीचा दांडा हलत असतो. मग वाढयाची आणि लोहाराची आठवण होते. आता ट्रॅक्टर आले तरी ही आठवण अजून पुरती बुजलेली नाही. परंतु पेरणी आटोपली की त्या दोघांना आपण विसरतो. मुलगा कचेरीत लागला तर आपण पेढे वाटतो. तोच भात्यापुढे बसला किंवा मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानात राहिला तर सांगताना आवाज खाली येतो. हाताने काम करणाऱ्याचे हात काळे होतात, म्हणून त्याचा मानही कमी, असे आपण न बोलता ठरवून टाकले आहे. ज्या एका पुरुषाच्या आयुष्याने ही समजूत खोटी ठरवली, त्याची ओळख ह्या लेखात करून घेऊ.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर ह्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी, आज कर्नाटकात असलेल्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. अशा घरातल्या मुलाने पोथी घ्यावी, नाही तर सरकारी नोकरी धरावी, हीच त्या काळची रीत. लक्ष्मणाचे मन मात्र चित्रांत आणि यंत्रांत रमे. वडिलांच्या मनाविरुद्ध, थोरले बंधू रामुअण्णा ह्यांच्या आधाराने, तो १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. तेथे दोन वर्षांत एक कटू गोष्ट उघड झाली. त्याच्या डोळ्यांना काही रंगांतला भेद नीट कळत नव्हता. चित्रकार होण्याची आशा तेथेच संपली.

ज्याचे एक दार बंद होते, तो पुष्कळदा त्या दारापुढेच बसून राहतो. लक्ष्मणरावांनी तसे केले नाही. रंग दिसत नसले तरी रेषा दिसत होती. त्यांनी यंत्रांची रेखाचित्रे काढण्याची विद्या शिकून घेतली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकविण्याची नोकरी मिळविली. कागदावरचे यंत्र आणि हातातले यंत्र ह्यांत किती अंतर असते, हे जाणून घेण्याची त्यांना ओढ होती.

त्याच काळात, १८८८ मध्ये, किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचा धंदा सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत. रामुअण्णा त्या विकत आणि घेणाऱ्यांना चालवायलाही शिकवीत. सायकल त्या काळी नवलाईची वस्तू होती. ती मोडली तर दुरुस्त करणारा माणूस गावात हवा, म्हणून विक्रीबरोबर दुरुस्तीही आली. आज ज्या नावाचा देशभर बोलबाला आहे, त्याची सुरुवात ही अशी पान्यापकडीने झाली.

पुढे नोकरीत बढतीची वेळ आली, तेव्हा ती लक्ष्मणरावांना न देता एका अँग्लो-इंडियन गृहस्थांना देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावी येऊन स्वतःचा लहानसा कारखाना काढला. पहिली वस्तू होती कडबा कापण्याचे यंत्र. त्यानंतर त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला.

ह्या नांगराची कथा नीट समजून घेतली पाहिजे. जुना लाकडी नांगर जमिनीत रेघ ओढतो, पण माती उलथीत नाही. हरळी आणि कुंदा ह्यांच्या मुळ्या काळ्या जमिनीत खोल जातात आणि पिकाचे अन्न खातात. माती उलटी करणारा लोखंडी नांगर त्या मुळ्या वर काढतो. विलायती लोखंडी नांगर बाजारात होते. तसाच नांगर देशी कारागिरांच्या हातून घडवावा, असे लक्ष्मणरावांच्या मनाने घेतले. नांगर तयार झाले. पण घेणारा कोणी येईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली.

दोन वर्षे माल पडून राहणे म्हणजे काय, हे ज्याने कर्ज काढून धंदा केला आहे त्यालाच कळेल. पण शेतकऱ्यालाही आपण हसू नये. त्याच्यापाशी एकच जमीन असते. ती बिघडली तर मुलाबाळांनी खावे काय? कोणाच्या बोलण्यावर तो ती पणाला लावणार नाही. त्याची शंका व्याख्यानाने जात नाही. शेजारच्या शेतातले उभे पीक पाहून जाते. नांगर मातीत उतरला, फाळ झिजला तर तो बदलता येतो हे दिसले, आणि मग हळूहळू मागणी वाढली. बनविणाऱ्याची खरी परीक्षा वापरणाऱ्याच्या हाती असते. ती परीक्षा होईपर्यंत लक्ष्मणराव थांबले, हा त्यांचा मोठेपणा होय.

इतक्यात दुसरे संकट आले. नगराच्या वाढीसाठी बेळगावची कारखान्याची जागा सोडावी, असा नगरपालिकेचा आदेश निघाला. घडी बसत आलेली असताना बिऱ्हाड पाठीवर घेण्याची वेळ आली. अशा वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस आले. त्यांनी कर्ज दिले आणि आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन दिली. जमीन म्हणजे ओसाड माळ. निवडुंग माजलेला आणि सापांची वस्ती. १९१० मध्ये लक्ष्मणराव थोडेसे कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन त्या माळावर आले. निवडुंग तोडून त्यांनी छपरे उभारली, पाण्याची सोय केली, भट्टी पेटविली. हीच किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्यात असून स्टेशनालाही तिचेच नाव आहे.

त्या वाडीत कोण होते? रामुअण्णा वसाहतीची व्यवस्था पाहत. शंभुराव जांभेकर यंत्रांत निष्णात होते. शाळा अर्धी सोडलेल्या अनंतराव फळणीकरांकडे तरुणांना वळण लावण्याचे काम होते. शिक्षा भोगून आलेल्या दोघांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्यांच्या भीतीने लोक दारे लावीत, त्यांच्याच हाती दारे सोपविली. वाडीत अस्पृश्यता पाळू दिली जात नसे. माणसाची जात आणि दाखला ह्यांच्या आधी लक्ष्मणराव त्याच्या हातांकडे पाहत.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. परदेशी नांगर येईनासे झाले, मागणी वाढली. पण लोखंड आणि भट्टीचा कोळसा दुर्मिळ झाला. तेव्हा वाडीच्या कारागिरांनी लाकडी कोळशावर लोखंड वितळविण्याचा प्रयत्न केला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळगडावर पडून असलेल्या जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या. जगात नांगराचे लोखंड तोफांत ओतले जात होते, आणि ह्या एका माळावर तोफांचे नांगर होत होते. यशया संदेष्ट्याचे दर्शन ज्यांना ठाऊक आहे, त्या वाचकांस येथे अधिक सांगण्याची गरज नाही. लक्ष्मणराव ख्रिस्ती नव्हते. तरी त्या भट्टीपुढे उभे राहून प्रार्थना करावी, असे ते काम होते.

पुढे नांगरांबरोबर उसाचे चरक, पंप आणि इतर यंत्रे वाडीत होऊ लागली. १९२० मध्ये पुतणे शंकरराव ह्यांनी तेथूनच सुरू केलेले ‘किर्लोस्कर खबर’ पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून घरोघरी पोचले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

वाचकहो, प्रत्येक लोहाराचा कारखानदार होत नाही आणि होण्याची गरजही नाही. ह्या आयुष्यातून घ्यायचे ते वेगळे आहे. पंडिताच्या घरातील एका मुलाने हात काळे करण्याची लाज धरली नाही, म्हणून हजारो शेतकऱ्यांच्या जमिनीतून हरळी निघाली. आपला प्रभूही नासरेथात सुतारकामात वाढला. मग आपल्यालाच लाज कसली? उपासनेचा मोडका बाक जोडणारा, हातपंपाचा वायसर बदलणारा, फाटकी सतरंजी शिवणारी बहीण, ही सारी मंडळीची सेवाच करतात. त्यांचे नाव वार्षिक सभेत घ्यावे आणि त्यांची मजुरी वेळेवर द्यावी. येत्या उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या मुलामुलींना गावातल्या एखाद्या कारागिराजवळ चार दिवस बसवावे. त्यांना काम आले नाही तरी काम किती कठीण असते, एवढे तरी कळेल. ज्याला हे कळले, तो पुन्हा कोणाच्या काळ्या हातांना कमी लेखणार नाही.