आईपण आणि वैद्यकी : डॉ. कादंबिनी गांगुली

शेतात आणि खाणीत राबणाऱ्या माता समाजाने नेहमीच पाहिल्या होत्या. मात्र सुशिक्षित, मध्यमवर्गीय घरातील आईने शुल्क घेऊन रुग्ण तपासावेत, हे एकोणिसाव्या शतकातील कोलकात्याच्या पचनी पडणारे नव्हते. डॉ. कादंबिनी गांगुली यांनी ते करून दाखविले.

१८६१ मध्ये जन्मलेल्या कादंबिनी १८८३ मध्ये चंद्रमुखी बसू यांच्यासह पदवीधर झाल्या. त्याच वर्षी समाजसुधारक द्वारकानाथ गांगुली यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पतीच्या पाठिंब्यावर त्यांनी कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळविला. शिक्षण सुरू असतानाच त्या आई झाल्या. बाळंतपणासाठी त्या अवघे तेरा दिवस गैरहजर राहिल्या, याची नोंद फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८८८ मधील एका पत्रात कौतुकाने केली आहे. त्याच वर्षी लेडी डफरिन रुग्णालयात दरमहा ३०० रुपये वेतनावर त्यांची नियुक्ती झाली. १८८९ च्या काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनालाही त्या प्रतिनिधी म्हणून उपस्थित होत्या.

या स्वावलंबनाची किंमत मात्र चारित्र्याने मोजावी लागेल, असा सनातन्यांचा हिशेब होता. १८९१ मध्ये 'बंगवासी' या नियतकालिकाने त्यांच्यावर अश्लाघ्य चिखलफेक केली. गांगुली दांपत्य मूग गिळून बसले नाही. त्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि संपादकाला सहा महिन्यांचा कारावास व १०० रुपये दंड झाला.

आठ मुलांच्या या संसाराचा भार त्यांनी एकटीने पेलला असे नव्हे. एकत्र कुटुंबाचा आधार होता, म्हणूनच १८९३ मध्ये मुलांना घरच्यांच्या स्वाधीन करून त्या उच्च शिक्षणासाठी ब्रिटनला जाऊ शकल्या. परतल्यावर धाकट्या मुलाने आईला ओळखलेच नाही, अशी आठवण कुटुंबात सांगितली जाई. रुग्णांच्या घरी जाताना घोडागाडीत बसल्या बसल्या त्या लेस विणीत. रिकामा वेळ त्यांच्या वाट्याला कधी आलाच नाही.

१८९८ मध्ये द्वारकानाथांचे निधन झाल्यावरही त्यांची वैद्यकी थांबली नाही. १९२२ मध्ये कवयित्री कामिनी रॉय यांच्यासह त्यांनी बिहार-ओरिसातील खाणकामगार स्त्रियांच्या स्थितीची पाहणी केली. उपजीविकेसाठी राबणाऱ्या आईची ओढाताण त्यांना नवखी नव्हती. ३ ऑक्टोबर १९२३ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला. त्या दिवशीही त्यांनी रुग्णसेवा केली होती.