तंजावरचे शहाजीराजे : शृंगारातून भक्तीकडे

भरतनाट्यम् शिकणारी मुलगी विरहिणी नायिकेचे पद सादर करू लागली की अनेक मराठी पालकांच्या मनात एक प्रश्न डोकावतो : देवापुढील नृत्यात हा शृंगार कशासाठी? या प्रश्नाचे एक उत्तर तीन शतकांपूर्वी मायभूमीपासून दूर नांदलेल्या एका मराठी राजाच्या चरित्रात सापडते.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर जिंकले. त्यांचे व दीपाबाईंचे थोरले पुत्र शहाजी यांचा जन्म १६७२ मधला, नाव आजोबांचे. १६८४ मध्ये, वयाच्या अवघ्या बाराव्या वर्षी, ते गादीवर आले. काळ धामधुमीचा होता. मोगली फौजा दक्षिणेत उतरल्या होत्या, जिंजीला राजाराम महाराजांना वेढा पडला होता आणि झुल्फिकारखानाच्या खंडणीचा भार तंजावरलाही सोसावा लागला. अशा दिवसांतही या राजाने विद्येचा आश्रय मोडला नाही. १६९३ मध्ये तिरुविसनल्लूर हे गाव त्यांनी विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. ते पुढे शहाजीराजपुरम् या नावाने ओळखले गेले.

आधीच्या नायक राजांच्या काळी तेलुगू ही दरबारी काव्याची भाषा झाली होती. क्षेत्रय्याची शृंगारपदे तंजावरने ऐकलेली होती. नायकांच्या काव्यात राजाच पुष्कळदा नायक असे. नायिका त्याच्यासाठी झुरे. शहाजीराजांच्या आश्रित कवींनीही त्यांना नायक केले. स्वतः राजांनी लेखणी उचलली तेव्हा मात्र नायकाच्या जागी तिरुवारूरचा त्यागेश, म्हणजे शिव, आला. ज्याच्या दारी सारे याचक येत तो राजा पदांमधून देवाची वाट पाहणाऱ्या स्त्रीचा आवाज स्वीकारतो. रुसवा, असूया, सखीकडून धाडलेला निरोप हे सारे शृंगाराचेच साहित्य. पण ते ज्याच्यासाठी मांडले आहे तो देव असल्याने तेच निवेदन होते.

हीच दृष्टी त्यांच्या ‘पल्लकी सेवा प्रबंधम्’ या तेलुगू गेय नाट्यात दिसते. त्यात शिव आणि गौरी यांचे प्रेम व पालखीची सेवा एकत्र गुंफलेली आहेत. तिरुवारूरला त्यागेशाची मूर्ती वस्त्राभूषणांनी झाकलेली असते आणि उत्सवात ती डोलवत नेतात, त्यामुळे देव स्वतःच नाचत असल्याचा भास होतो. या देवळाच्या नर्तकींच्या गायन-अभिनयातून असे प्रबंध जिवंत राहिले.

मराठीही त्यांनी सोडली नाही. त्यांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या ‘सीता स्वयंवरा’पूर्वी सुमारे दीडशे वर्षांचे. ‘पंचभाषाविलास’ नाटकात संस्कृत, मराठी, हिंदी, तेलुगू आणि तमिळ या पाचही भाषा एका रंगमंचावर नांदतात. १७१२ मध्ये राजे निवर्तले आणि धाकटे बंधू सरफोजी गादीवर आले.

पुढे विसाव्या शतकात देवदासींवर समाजाचा रोष ओढवला; १९४७ च्या मद्रास कायद्याने मुलींना देवाला वाहणे आणि देवळांतील त्यांचे नृत्य बंद झाले. त्या प्रथेतील शोषण थांबणे आवश्यकच होते. पण त्याच ओघात शृंगारपदांकडेही लोक संकोचाने पाहू लागले. तंजावर दरबाराशी पूर्वजांचे नाते असलेल्या बालसरस्वतींनी मात्र शृंगाराला भक्तीचेच परमोच्च रूप मानले आणि अखेरपर्यंत ते अभिनयातून सिद्ध केले.

सँडीफोर्डमध्ये आपल्या मुलीला नृत्यवर्गाला पाठवणाऱ्या मराठी कुटुंबासाठी हा वारसा परका नाही. एका स्थलांतरित मराठी घराण्याने परक्या भूमीची भाषा व तिचा देव आपलासा केला, आपली भाषाही जपली आणि त्यातून नृत्याला पदे दिली. मुलगी विरहिणीचा अभिनय करील तेव्हा पालकांनी अवघडून नजर वळवू नये. ती कोणाची वाट पाहत आहे, एवढे मात्र तिला जरूर विचारावे.