ब्रायटनचा किनारा

इसवी सन १९०६ मध्ये विनायक दामोदर सावरकर कायद्याच्या अभ्यासाकरिता लंडनला गेले. पुढे १९०९ साली त्यांच्यावर आघातांमागून आघात कोसळले. स्वदेशी त्यांचा लहानगा पुत्र निवर्तला. वडील बंधू बाबाराव यांना जन्मठेपेची शिक्षा झाली. मित्र मदनलाल धिंग्रा १७ ऑगस्टला फासावर गेले. सावरकर परीक्षा उत्तीर्ण झाले होते; परंतु त्यांच्या क्रांतिकार्यामुळे बॅरिस्टरीची सनद त्यांना नाकारण्यात आली.

प्रकृती खालावली, तेव्हा हवापालटासाठी ते ब्रायटनला गेले. लंडनच्या दक्षिणेस सुमारे ५० मैलांवर, समुद्रकाठी हे गाव आहे. सुट्टी लागली की लंडनकर तेथे मौजेसाठी लोटत. सावरकरांसमवेत बिपिनचंद्र पालांचे पुत्र निरंजन होते. दोघे किनाऱ्यावर बसले असता सावरकर काही गुणगुणू लागले आणि त्यांच्या नेत्रांतून अश्रू वाहू लागले. निरंजन तर बंगाली! तरीही मित्राचे दुःख त्यांच्या अंतःकरणाला भिडले. पुढे त्यांनी ही आठवण लिहून ठेवली.

तेच ‘सागरास’ हे काव्य होय. परत नेण्याचे वचन मोडणाऱ्या समुद्राशी कवी त्यात लेकराप्रमाणे भांडतो. आपल्या शेवगावाहून समुद्र किती दूर! पण तो कधी न पाहिलेली मुलेही हे गीत तल्लीन होऊन म्हणतात.

मार्च १९१० मध्ये सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये समुद्राने त्यांना मायदेशी आणले खरे. पण बंदिवान म्हणून.