अंजनीबाई मालपेकर

राजा रविवर्म्यांनी काढलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील तसबिरी तुमच्यापैकी अनेकांनी आजोळच्या भिंतीवर पाहिल्या असतील. त्याच चित्रकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील एका तरुण गायिकेच्या रूपावरून काही चित्रे रंगविली. महादेव विश्वनाथ धुरंधरांच्या कुंचल्यालाही तिच्या रूपाने मोह घातला. ती गायिका म्हणजे अंजनीबाई मालपेकर.

अंजनीबाईंचा जन्म १८८३ साली गोमंतकातील पेडणे महालातल्या मालपे गावी झाला. आई व आजी दोघीही गाणाऱ्या. आठव्या वर्षी मुंबईस भेंडीबाजार घराण्याचे उस्ताद नजीर खाँ यांच्यापाशी त्यांची तालीम सुरू झाली. या घराण्यात मेरुखंडाचा अभ्यास मोठा. तीन स्वर घेतले तर त्यांची मांडणी सहा प्रकारे होते, चार घेतले तर चोवीस प्रकारे, आणि सातही घेतले तर ५०४० प्रकारे! (गणिताच्या तासाला करून पाहावे.) शिवाय दीर्घ श्वास आणि मोकळा आकार. अशी आठ वर्षे घासल्यावर १८९९ साली, सोळाव्या वर्षी, त्यांची पहिली जाहीर मैफल झाली.

कीर्ती आली, आणि तिच्या मागोमाग उपद्रवही. गाण्यापेक्षा रूपाकडे पाहणाऱ्या धनिकांचा जाच त्यांना फार सोसावा लागला. चित्रात बसलेल्या स्त्रीला कोणी छळू शकत नाही. मैफलीत बसलेलीला मात्र तो छळ चुकत नसे. १९०४ साली तर त्यांचा आवाजच गेला. गायिकेचा आवाज जाणे म्हणजे काय, याची कल्पनाच केलेली बरी. सुमारे वर्षभराने तो परत आला आणि त्या पुन्हा गाऊ लागल्या. १९२० साली गुरू निवर्तले. १९२३ साली, अवघ्या चाळिशीत, अंजनीबाईंनी मैफली कायमच्या सोडल्या.

हा त्यांचा पराभव मानावा असे मला वाटत नाही. कारण पुढे त्यांनी विद्या मुक्तहस्ते दिली. ज्यांनी पुढे आपल्याच मध्य प्रदेशातील देवासला घर केले ते कुमार गंधर्व त्यांच्यापाशी शिकले. किशोरी आमोणकरांनीही त्यांच्याकडून तालीम घेतली. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने त्यांना आपले सन्माननीय सदस्यत्व अर्पण केले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९७४ साली, एक्याण्णवाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.